घरचं केलं म्हणजे नक्की कोणी केलं?

दिवाळीत चार घरी फराळाला गेलो आणि चारही घरी एकच वाक्य ऐकलं, "सगळं घरचं आहे हं!" सांगणारे बहुतेक पुरुष. कौतुकानंच सांगत होते, त्यात वाईट काही नाही, पण जिनं केलं ती आत चहा टाकत होती आणि तिचे डोळे जागरणानं लाल झालेले. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मला शिवण, बेकिंग, बरण्या भरून ठेवणं सगळं मनापासून आवडतं, त्यामुळे "विकत आणा आणि सुटा" असं मी अजिबात म्हणणार नाही. सुट्टीत हे सगळं करायलाच हवं, पण घरातल्या सगळ्यांनी. एकटीनं रात्री जागून केलं असेल तर "घरचं" कशाला म्हणायचं, सरळ तिचं नाव घ्या ना.

लहानपणी आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो, तेव्हा नानकटाई बेकरीतून भाजून आणायचो. आई तूप आणि पिठीसाखर परातीत तळहातानं इतकं फेसायची की पांढरंशुभ्र व्हायचं, पाण्यात थेंब टाकला की तो तरंगला पाहिजे, तोपर्यंत हात थांबायचा नाही. पण पुढे बेकरीत रांग लावायची ती बाबांची आणि आम्हा भावंडांची ड्युटी. पत्र्याचे ट्रे, त्यावर नावाची चिठ्ठी, भट्टीची ती धग, आणि घरी येईपर्यंत डब्यातली एक तरी संपलेली असायची. म्हणजे घरात ओव्हन नव्हता म्हणून का होईना, सगळं घर त्यात होतं. घरात ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आला आणि रांगेचं कामच संपलं, उरलेलं सगळं परत आईकडे. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यंदा नानकटाई मुलाकडे दिली. नववीत आहे. तूप १ वाटी, पिठीसाखर १, मैदा २, थोडा रवा आणि वेलची. पहिला ट्रे पूर्ण पसरला, सगळ्या एकमेकींना चिकटल्या, कारण उकाड्यानं तूप पातळ झालेलं. रडवेला झाला होता. मग उरलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले, १७० डिग्रीवर २० मिनिटं, आणि दुसऱ्या ट्रेला वरनं मस्त चिरा पडल्या. ओव्हनच्या काचेसमोर उकिडवा बसून बघत होता.

मोरावळ्याला सगळेच बसलो. मंडईतून २ किलो आवळे आणले, काट्यानं टोचायचं काम नवऱ्याकडे. गेल्या वर्षी माझी अख्खी बरणी फसफसून वाया गेली होती. आवळे पाकात घातले की चार दिवसांत त्यांचं पाणी सुटतं आणि पाक पातळ होतो, तो परत आटवावा लागतो, साखर कमी पडली की टिकत नाही. माझ्याकडून तेच राहून गेलं होतं, यंदा परत उकळायची आठवण मुलानं ठेवली.

त्यानं परदेशी व्हिडिओ बघून मटार पण काचेच्या बरणीत उकळून ठेवूया म्हणून हट्ट धरला, त्याला मात्र मी ठाम नाही म्हटलं, आणि तुम्हालाही सांगते, करू नका. लोणचं मीठ-आंबटावर टिकतं, मुरांबा साखरेवर, मटारमध्ये दोन्ही नाही. बोटुलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा, तिच्या जंतूंचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्याला प्रेशरखाली ११६ डिग्रीच्या आसपास किंवा वर तापमान लागतं, आणि पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यानं आपल्याकडे पाणी ९८ लाच उकळतं. मटार फ्रीझरमध्येच बरे.

आता दुपट्याचं. भाचीला बाळ झालंय, म्हणून आजीची जुनी सुती नऊवारी काढली, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली. थर टाचून घेतले, खडूनं रेघा आखल्या आणि सुई नवऱ्याच्या हातात दिली. सासूबाई शेजारी बसून, "अरे दोरा ओढू नकोस, कापड चुरगळतंय." पहिल्या ओळीतले टाके वाकडेतिकडे, कुठे तांदळाएवढे कुठे गव्हाएवढे, चौथ्या ओळीपासून धावदोरा एकसारखा पडायला लागला. नणंद आली होती, ती म्हणाली, "वहिनी, त्याला कशाला बसवलंस शिवायला?" मला बोलायची गरजच पडली नाही, सासूबाईच म्हणाल्या, "का, शिंपी काय बायका असतात?"

दहा दिवस रोज तासभर बसला तो. पहिली वाकडी ओळ उसवू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं, ती तशीच आहे.

काल दुपटं पोचलं. भाचीचा फोन आला, "मावशी, किती सुंदर शिवलंयस गं!" मी फोन नवऱ्याकडे दिला.