माशी नव्हे, मीच शिंकलो

पोळा झाला की आमच्या परभणीत लोक गणपतीच्या तयारीला लागतात आणि मी रुमालांच्या. आठ सुती रुमाल, दोन जुनी उपरणी. डोळा उघडायच्या आत पहिली शिंक येते आणि तिच्यामागं ओळीनं अकरा-बारा. हा सोहळा दिवाळीचा चिवडा मऊ पडेपर्यंत चालतो. बँकेत मी कॅशला बसतो. शंभराच्या नोटा मोजताना 47 ला शिंक आली की पुन्हा एकपासून. समोरची मावशी पदर नाकाला लावून म्हणते, "आमच्या नोटाला वास यायलाय का?"

डॉक्टरांची गोळी घेतली की शिंका थांबतात आणि मीही थांबतो. काउंटरवरच डुलकी लागते. दुसऱ्याच्या पैशावर डोकं टेकून झोपलेला कॅशियर कोणत्याही बँकेला परवडत नाही, म्हणून मी घरगुती उपायांकडं वळलो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. जर्मनीत लोक औषधाच्या दुकानात जात असतील. परभणीत वाहतं नाक घेऊन नुसतं दारात उभं राहिलं तरी पुरतं.

अक्कानं तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी हातात दिली. हुंगली की नाक मोकळं होतं, पण पुरचुंडी गार होईपर्यंतच. काकूंनी हळदीचं दूध सुरू केलं. त्यानं शिंक एकही कमी झाली नाही, सगळे रुमाल मात्र पिवळे झाले. मेव्हण्यानं कुठंतरी ऐकलं होतं की आपल्याच भागातला मध खावा, म्हणजे अंगाला परागाची सवय होते. तो मोठ्या प्रेमानं बाटली घेऊन आला, महाबळेश्वरची. नाक परभणीचं आणि सवय सह्याद्रीची! शिवाय मधमाशी फुलाफुलावर बसून आणते ते पराग वेगळे, वाऱ्यावर उडून माझ्या नाकात शिरतात ते वेगळे. मध मात्र चांगला होता. पोळीबरोबर संपवला.

खरा प्रसंग जलनेतीचा. तोटीचं भांडं आणलं, पाणी उकळून कोमट केलं (कच्चं पाणी नाकात घालायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं) आणि मीठ टाकलं अंदाजानं, म्हणजे वरणाच्या अंदाजानं. मोरीवर वाकलो, मान तिरपी केली आणि उजव्या नाकपुडीत तोटी लावली. पाणी डाव्या नाकपुडीतून यायचं असतं. ते आधी टाळूला गेलं, मग कपाळात, आणि शेवटी बहुतेक 2016 सालच्या नोटबंदीच्या आठवणींपर्यंत पोचलं. मी असा काही ओरडलो की बायको हातात लाटणं घेऊनच आली.

"किती मीठ टाकलं?"

"चवीपुरतं."

"नाकाला चव असती का?"

दुसऱ्या दिवशी तिनंच मापून दिलं. सलाईनच्या बाटलीत लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, आपले अश्रूही साधारण तेवढेच खारट. त्या मापाचं पाणी एका नाकपुडीतून गेलं आणि दुसरीतून गुपचूप बाहेर आलं, जळजळ नाही की ठसका नाही. सगळ्या उपायांत गुण आला तो याच एका मिठाच्या पाण्याचा. पण अर्ध्या दिवसाचा. कारण धुतलेलं नाक घेऊन मी खिडकीत उभा राहायचो, आणि खिडकीबाहेर रिकामा प्लॉट होता.

त्या प्लॉटवर कमरेइतकं गाजर गवत, वर पांढऱ्या फुलांचा सडा. एका झाडाला हजारोंनी बिया. प्लॉटचे मालक पुण्यात असतात, आणि देशात या गवताची नोंद पहिल्यांदा झाली तीही 1955 साली पुण्यातच. अधिक बोलत नाही. गवत खाणारे मेक्सिकन भुंगे आमच्या कृषी विद्यापीठात मिळतात. पण ते पावसाळ्यात सोडायचे असतात. थंडीची चाहूल लागली की भुंगे जमिनीत शिरून झोपतात, आणि मला जाग नेमकी ऑक्टोबरात आली. तीन वर्षं मी घरात काढे उकळत होतो आणि कारण भिंतीपलीकडं डुलत होतं.

रविवारी उपरणं नाकाला बांधलं, हातात दुधाच्या पिशव्या चढवल्या (हे गवत कातडीलाही सोडत नाही) आणि उपटायला लागलो. फुलावर आलेलं गवत उपटू नये, फुलायच्या आधी उपटावं, हे मला शेजारच्या बापूंनी सांगितलं. चौथी पेंडी हातात असताना.

बापू शकुनाचे पक्के. एक शिंक वाईट, जोडीनं आल्या तर चांगल्या, हा त्यांचा हिशोब. गेली तीन वर्षं ते माझ्या नाकावर घड्याळ लावून बाजाराला निघतात. आज डोक्याला फेटा होता. लेकीची सोयरीक ठरवायला जिंतूरला निघाले होते, जीप दारात उभी. त्यांनी पायरीवरून पाय खाली टाकला आणि मी शिंकलो.

एकदाच.

बापू गपकन ओट्यावर बसले. "दुसरी येऊ द्या."

मी सूर्याकडं पाहिलं. नाक चोळलं. रोज बारा-बारा येणारी शिंक कुठं गडप झाली होती कुणास ठाऊक. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. आतून काकू म्हणाल्या, "कामून बसलाव? उशीर व्हायलाय."

बापू उठले, प्लॉटकडं आले, गवताचा एक फुललेला शेंडा खुडला आणि दोन्ही हातांनी, नरसोबाच्या वाडीचा प्रसाद द्यावा तसा, माझ्यापुढं धरला.

"घ्या," म्हणाले, "हुंगा जरा."