नवऱ्याला घेऊन या

नवरा आजारी पडायच्या बेतात असेल, तर आधी त्याच्याकडून पंचवीसेक स्लिपांवर सह्या करून घ्या. मग खुशाल पडू दे.

आमच्याकडे ही खबरदारी राहून गेली. झटका पहाटे आला, उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर सहीही गेली. पैसे तेवढे जागच्या जागी होते, एकट्या ह्यांच्या नावावर. खातं दोघांच्या नावावर, "आयदर ऑर सर्व्हायव्हर", म्हणजे दोघांतल्या कुणाच्याही सहीवर चालणारं, करून घेऊया म्हणून मी कितीदा म्हटलं होतं. पण धडधाकट माणसाला असलं काही सुचवणं म्हणजे अभद्र बोलणं. तुम्हीही बोलू नका.

बँकेत जाताना साडी मध्यम नेसा. भारी नेसलात तर नवऱ्याचा पैसा उडवायला आलात, साधी नेसलात तर ही कोण, कुणास ठाऊक. आमच्या बेळगावात काउंटरवर कन्नड चालतं. ते आपल्याला येतंच की, जन्मभर बाजारात दुसरं काय बोललो? पण बँकेतलं कन्नड सोपं, "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या, एवढ्यावर भागतं. सहीला कन्नडमध्येही सहीच म्हणतात, त्यामुळे गैरसमजाला जागा नाही.

ह्यांनी डाव्या हातानं अर्धा तास खपून स्लिपवर एक वाकडी रेघ ओढली होती आणि शेवटी टिंब दिलं होतं. क्लार्कनं स्क्रीनवर १९९१ सालची सही मोठी करून लावली. झोकदार, शेपटी वर गेलेली, आणि शेवटी टिंब. मला टिंब ओळखू आलं. बँकेला आलं नाही.

"अक्का, पेशंटला घेऊन या की."

या उपायाला नाही म्हणू नका. नळी लावलेला माणूस गाडीत घालून टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला उभे राहा. मालगाडी जाईपर्यंत तेवढीच त्याला हवा लागते.

मी म्हटलं, "नॉमिनी मीच आहे हो."

"ते नंतरचं, अक्का."

"नंतरचं म्हणजे?"

तो मान खाली घालून रिकामा स्टेपलर दाबत बसला. तेव्हा उजेड पडला. विधवा म्हणून बँकेत माझी ओळख पक्की होती, अडत होतं ते बायको म्हणून. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, म्हणजे नंतरची सोय चौपट. आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांचा तो काळा दिन आणि बँकेला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, हा भाग वेगळा.

वटमुखत्यारपत्र करायचं म्हणाल, तर माणूस शुद्धीवर असतानाच करा. त्याची बुद्धी गेली की कायद्यानं त्या कागदाचाही जीव जातो, म्हणजे गरज लागते तेव्हा तो नसतो. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. हायकोर्ट म्हटलं तर आपल्याला धारवाड, फार लांब नाही.

आता एक गोष्ट सांगते, पण काउंटरवर बोलू नका, उगाच माणसं दुखावतात. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाहीतर पायाचा. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूणसुद्धा चालते. सत्तरीपुढच्यांना आणि डॉक्टरी दाखला असलेल्या आजाऱ्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच बँकांना कळवलंय. मी हे लेखी अर्जात लिहिलं आणि पोच मागितली. पोचेचा शिक्का शोधण्यात पाऊण तास गेला, आणि चौथ्या दिवशी साहेब शहापूरला आमच्या घरी हजर.

शाईचा पॅड वाळलेला. मी औषधाच्या ड्रॉपरनं पाणी घातलं. साहेबांनी ह्यांचा डावा अंगठा धरला, तर ह्यांनी हात ओढून घेतला आणि साहेबांच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं.

"बेडा, बेडा," म्हणजे नको, नको, साहेब म्हणाले, "अंगठा बस."

चाळीस वर्षं सही करणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. दोनदा ओढाताण झाली आणि अंगठा चौकटीबाहेर उठला.

"दुसरा फॉर्म आहे काय?"

तुम्ही तीन आणून ठेवा. त्याच्यावर इंग्रजी, हिंदी, कन्नड असतं. मराठी शोधू नका. आणि शाई साबणानं जात नाही, खोबरेल लावून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसा.