पुंता काना: रिसॉर्टच्या फाटकाबाहेर

गेल्या महिन्यात डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाहून परत आलो. तेव्हापासून इथले, न्यू जर्सीतले मित्र एकच विचारतायत, "रिसॉर्ट कुठलं घेतलंस? जेवणाचं कसं काय?" रिसॉर्ट छान होतं, समुद्र तर डोळ्यांत मावत नाही असा. पण मला सांगायचंय ते फाटकाबाहेरचं.

"बाहेर कशाला जाता, इथे सगळं आहे," असं पहिल्याच दिवशी डेस्कवर सांगितलं गेलं. दोन दिवस आम्ही ऐकलंही. मनगटावर रिसॉर्टचा तो पट्टा, तोच बुफे, आणि भेटणारा प्रत्येक डॉमिनिकन माणूस हातात ट्रे घेतलेला. पाहुण्याला असं घाबरवून आत ठेवणं मला अजिबात पटत नाही. पैसे आपण त्या देशात खर्च करायला येतो, एका कुंपणात नाही.

तिसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या भागातल्या बाव्हारोहून इगुएय शहराची बस पकडली. बसला तिकडे ग्वाग्वा म्हणतात. शेजारी हॉटेलच्या गणवेशातली एक बाई, रात्रपाळी करून घरी निघालेली. लेक शाळेत स्पॅनिश शिकते, तिनं धीर करून बोलायला सुरुवात केली. मग काय, इगुएयमध्ये कुठे जेवायचं, काय मागवायचं, सगळं त्या बाईंनीच ठरवून दिलं. मांगू मागवलं. हिरवी मोठी केळी उकडून, लोणी घालून घोटायची, वर व्हिनेगरमधला लाल कांदा, बाजूला तळलेलं चीज. शाकाहारी असाल तर सलामी, म्हणजे मांसाचे काप, नको म्हणून सांगा, पोटभर जेवाल.

इगुएयला आल्ताग्रासिया मातेची, म्हणजे मेरीमातेची, बॅसिलिका (मोठं चर्च) आहे, 1971 सालची, काँक्रीटच्या उंचच उंच कमानींची. 21 जानेवारीला तिचा दिवस. देशभर सुट्टी असते, आणि लांबलांबून माणसं चालत येतात. आत एक म्हातारी गुडघ्यांवर पुढे सरकत होती, ओठ हलत होते. माझी आजी पंढरीला अशीच पुटपुटायची.

गल्लीगल्लीत कोल्मादो, म्हणजे किराणा दुकान. गाणी जोरात, दारात डॉमिनोचा डाव. आमच्यासमोर एका पोरानं लसणाच्या चार पाकळ्या आणि चमचाभर टोमॅटोची पेस्ट मागितली. दुकानदारानं ती कागदात बांधून दिली आणि वहीत लिहून ठेवलं. आमच्या माजलगावच्या दुकानातली उधारीची वही डोळ्यांपुढे आली.

परतताना टॅक्सी केली आणि ड्रायव्हरला उसाच्या रानाकडून न्यायला सांगितलं. ऊसतोड कामगारांच्या वस्तीला तिकडे बातेय म्हणतात. तोडणारे बहुतेक शेजारच्या हैती देशाचे किंवा तिथेच जन्मलेली हैतीच्या लोकांची मुलं. मजुरी टनावर. 2013 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला आणि 1929 पासून तिथे जन्मलेल्या, पण आईवडिलांकडे कागद नव्हते अशा असंख्य लोकांचं नागरिकत्व गेलं. पुढच्या वर्षी कायदा करून थोडी डागडुजी झाली, पण कितीतरी जण अजून कागदाविनाच आहेत. जन्म ज्या मातीत, ती माती आपली नाही असं न्यायालयानं सांगायचं, याचा मला अजून राग येतो. मी बीडचा आहे. आमच्याकडे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्यावर जाणारी. कोप्यांत राहणारी त्यांची पोरं माझ्या वर्गात होती, हंगाम संपेपर्यंत रिकामा बाक.

जाणार असाल तर सुट्टे पेसो ठेवा आणि एक दिवस तरी ग्वाग्वानं हिंडा. आणि हो, तिथे भरतीच्या रेषेपासून 60 मीटरचा पट्टा कायद्यानं सगळ्यांचा आहे. किनाऱ्यावरून कुठल्याही हॉटेलसमोरून बिनधास्त चाला.

बातेयच्या कडेला एका म्हाताऱ्या बाबांनी माचेटेनं, म्हणजे तिकडच्या कोयत्यानं, उसाचं कांडं सोलून लेकीच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. "तुमच्याकडे होतो का ऊस?" त्यांनी विचारलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग त्यांना, आमच्या गावची माणसंही हेच करतात. तिनं सांगितलं. बाबा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.