शेन्झेनला कारखाना काढताय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी चीनच्या कामगार कायद्याची एक प्रत आणा. हसू नका, कायदा खरोखर देखणा आहे. १९९५ पासून लागू आहे. दिवसाला ८ तास, आठवड्याला सरासरी ४४, आणि ओव्हरटाइम महिन्याला फार तर ३६ तास. जादा तासांना दीडपट पैसे, सुटीच्या दिवशी दुप्पट, सणाच्या सरकारी सुटीला तिप्पट. (३६ तास म्हणजे तिमाहीला १०८. आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये हीच मर्यादा ११५ वरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली. कागदावर तरी चाकणपेक्षा शेन्झेन बरं!) ही प्रत काचेत मढवून जेवणाच्या हॉलमध्ये टांगा. रांगेत उभ्या माणसाला वाचायला काहीतरी हवं.

आता ३६ तासांत ऑर्डर कशी पुरी होणार, ही तुमची काळजी रास्त आहे. मूळ पगार शहराच्या किमान वेतनाला चिकटवून ठेवा. दूरच्या हेनान प्रांतातून आलेल्या पोरीला त्यात स्वतःचं भागवून घरी पैसे पाठवणं जमत नाही, मग ती आपणहून ओव्हरटाइम मागायला येते. ‘स्वेच्छेने’ असं लिहून सही घ्या. पुढेमागे ती तोंड वर करून हिशेब विचारू लागली तर दंड नको, आरडाओरडा तर मुळीच नको. फक्त तिचा ओव्हरटाइम बंद करा. रोज बरोबर आठ तास काम, अगदी काचेतल्या कायद्याप्रमाणे. महिनाअखेरीस पगार हातात पडला की ती आपोआप वठणीवर येईल. कायदा पाळून माणसाला शिक्षा करता येते, ही सोय भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

तिच्या मुलाची चिंता करू नका. तिचं हुकोउ, म्हणजे कुटुंबाची सरकारी रहिवासी नोंद, गावची आहे. शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणं कठीण, म्हणून मूल आजीकडे राहतं. संध्याकाळी घरी जायची घाई नसलेला कामगार असा सरकारच तुम्हाला तयार करून देतं.

परदेशी ब्रँडचा तपासनीस येणार असेल तर हजेरीची पुस्तकं दोन ठेवा. उत्तरं आदल्या दिवशी पाठ करून घ्या. मागच्या दाराचं कुलूप काढा, हातमोजे वाटा आणि गाडी फाटकाबाहेर पडली की मोजून परत घ्या. तपासनीस फार खोलात शिरणार नाही, त्याला पुढचा कारखाना गाठायचा असतो. शिवाय ज्या ब्रँडने त्याला पाठवलं, त्याच्याच खरेदी विभागाने भाव पाडून डिलिव्हरीची तारीख अलीकडे आणलेली असते. तपासणीचं आणि खरेदीचं, ही दोन पत्रं एका फाइलला लावू नका, एवढं बघा.

कुणी आजारी पडला तर कागद देऊ नका. २००९ मध्ये हेनानमधल्या एका कामगाराच्या फुफ्फुसात धूळ साठली होती. आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करायला लागणारी कागदपत्रं कारखान्याकडेच मागायची होती, आणि सरकारमान्य तज्ज्ञ क्षयाकडे बोट दाखवत होते. शेवटी त्याने शस्त्रक्रियेने स्वतःची छाती उघडून घेतली, तेव्हा कुठे लोकांना धूळ दिसली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. हे मात्र तुमच्या दृष्टीने वाईट झालं.

पोहण्याचा तलाव बांधा. २०१० मध्ये ॲपलचा माल बनवणाऱ्या शेन्झेनच्या फॉक्सकॉनमध्ये एकामागून एक तरुण कामगारांनी इमारतींवरून उड्या टाकून जीव दिला, तेव्हा ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी तिथले सिनेमागृह, इस्पितळ आणि तलावच मोजून दाखवले होते. कंपनीने इमारतींना जाळ्या लावल्या आणि पगारही वाढवला. यातलं काय आधी करायचं, ते तुमच्या बजेटवर ठरवा.

युनियनला घाबरू नका. अखिल चीन कामगार महासंघाचे जवळपास ३० कोटी सदस्य आहेत आणि दुसरी संघटना काढायला परवानगीच नाही. पगारबिलाच्या २ टक्के भरा, अध्यक्षपदी तुमचाच एचआर मॅनेजर बसवा. संपाचा हक्क तर १९८२ मध्येच राज्यघटनेतून गेला. २०१८ मध्ये वेल्डिंगची यंत्रं बनवणाऱ्या जासिकच्या कामगारांना वाटलं की युनियन आपण स्वतः काढावी. त्यांना पोलिसांनी उचललं. मग पेकिंग विद्यापीठातली मार्क्स वाचलेली मुलं त्यांच्या पाठीशी धावली, तर त्यांनाही उचललं. साम्यवादी देशात मार्क्स भिंतीवर टांगायचा असतो, हे त्या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एवढं करूनही लोक खवळलेच, तर ‘तांत्रिक चूक’ हे शब्द हाताशी ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये झेंगझोउच्या फॉक्सकॉनमध्ये कबूल केलेल्या पैशांवरून नवे कामगार पोलिसांना भिडले, तेव्हा कंपनीने हेच कारण देऊन माफी मागितली आणि जे निघून जातील त्यांना १०,००० युआन देऊ केले: ८,००० राजीनाम्यावर, उरलेले २,००० बसमध्ये बसल्यावर. तुम्हीही हप्ते असेच पाडा. सगळे आधी दिलेत तर माणूस फाटकापाशीच उभा राहून बोनसचं विचारत बसतो.