सहा उंदीर आणि एक शुभेच्छुक

काल संध्याकाळी नौपाड्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात, माझ्या चार रात्रींच्या जागरणाकडे जेमतेम अर्धा मिनिट बघून एका अनोळखी माणसाने निकाल दिला, "मॅडम, छान आहे हो. पण ह्यात माणूसच नाही."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला रिक्षात बसल्यावर सुचलं. नेहमी तिथेच सुचतं.

आमची सोसायटी पाचपाखाडीत. यंदा गणपतीचा बॅनर आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला 'काहीतरी हलणारं' हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मागच्या मीटिंगमध्ये "मला कम्प्युटरवर थोडंफार येतं" असं मी बोलून बसले होते. बजेट शून्य. महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं, तर सेक्रेटरीकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गच्चीवर हेलिपॅड मागतेय. मग उरलं गिम्प, चित्रं करायचं सॉफ्टवेअर. कायदेशीर आणि फुकट. "फुकट म्हणजे व्हायरस असणार," काका म्हणाले. हेच काका फुकट आरोग्य शिबिरात रांगेत दोनदा उभे राहून साखर तपासून घेतात, तेव्हा त्यांना व्हायरस आठवत नाही.

गिम्पचा एक प्राणी आहे, विल्बर. तोंडात ब्रश धरलेला. कुत्रा म्हणावं तर कोल्हा वाटतो, कोल्हा म्हणावं तर आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा जावई. पहिल्या रात्री मी गणपतीच्या फोटोमागची पांढरी पार्श्वभूमी खोडायला घेतली. खोडरबर फिरवलं की पांढऱ्याच्या जागी पांढरंच येई. तासभर मी पांढऱ्यावरून पांढरं खोडत होते. मग कळलं की त्या लेयरला, म्हणजे चित्राच्या त्या थराला, आधी 'अल्फा चॅनल' जोडावा लागतो, तेव्हा कुठे त्याला आरपार होणं म्हणजे काय ते समजतं. तोवर खोडलेल्या जागी तो मागचा रंग फासत बसतो. हे काम दोन क्लिकचं. तास माझा.

दुसरी रात्र उंदराची. कल्पना अशी की उंदीर उजवीकडून टुणटुण येतो आणि मोदकापाशी थांबतो. गिम्पमध्ये प्रत्येक लेयर म्हणजे ॲनिमेशनमधली एक चौकट. सगळ्यात खालचा लेयर आधी दिसतो, मग वरचे एकेक. लेयरच्या नावापुढे कंसात 200एमएस असं रोमन अक्षरांत लिहिलं की ती चौकट 200 मिलिसेकंद थांबते. हे मला फार आवडलं. नावातच वेळ! तर खाली गणपती आणि त्यावर सहा लेयर, सहा ठिकाणी उंदीर. चालवून बघितलं तर नवा उंदीर येई, पण जुना जागचा हलेना, कारण मी सांगितलं नसल्याने ते एकावर एक साठवत होतं. मग नावात 'रिप्लेस' घातलं, म्हणजे जुनं काढ आणि नवं दाखव. आता उंदीर एकटा पळू लागला, पण दुसऱ्या चौकटीपासून गणपतीच गायब! गणपती प्रत्येक लेयरमध्ये वेगळा चिकटवायचा असतो, हे कळायला पहाटेचे अडीच वाजले. तोवर मी वैतागून पहिलीच आवृत्ती एक्स्पोर्ट केली होती. त्या घाईत 'ॲज ॲनिमेशन' या चौकोनात खूण करायची राहिली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर गेलं ते एक स्थिर चित्र. गणपती, मोदक, आणि खाली ओळीने सहा उंदीर.

सकाळी साडेसहाला सेक्रेटरीकाकांचा मेसेज: "पेस्ट कंट्रोलला कळवले आहे." त्याला बावीस हसरे चेहरे. दुपारी मी नीट हलणारा उंदीर पाठवला, त्याला एक अंगठा. तोही माझ्या नवऱ्याचा.

मी मुद्दाम तेच सहा उंदीर बॅनरवर ठेवले. आता ते माझे होते.

तर काल दुकानात. बाहेर पाऊस, आत एक ऑपरेटर, आणि त्याच्या खुर्चीला खेटून स्टुलावर एक कार्यकर्ता. पांढरा शर्ट, दोन फोन. कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर चाललं होतं. मी पेन ड्राइव्ह दिला.

"ही कसली फाइल? एक्ससीएफ?"

"गिम्पची."

"जिमचं वेगळं मॅटर द्या मॅडम, आधी गणपतीचं करू."

मी शिकवायला लागले. माझा हा दोष जुना. सांगितलं की 1995 साली अमेरिकेत बर्कलीला स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी हे लिहायला घेतलं. तिथे विद्यार्थ्यांचा कम्प्युटरचा एक क्लब होता, एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी. त्याचं लघुरूप म्हणजे एक्ससीएफ.

ऑपरेटरने जांभई दिली. कार्यकर्ता मात्र स्टुलासकट माझ्याकडे वळला.

"म्हणजे पोरांनी मंडळाचं नाव फाइलला दिलं. बरोबर केलं. नाव राहिलं पाहिजे." जरा थांबून त्याने विचारलं, "अध्यक्ष कोण होता त्यांचा?"

मला माहीत नव्हतं. तो नाराज झाला.

गिम्पमध्ये नुसतं सेव्ह केलं की एक्ससीएफच मिळते, जेपीजी हवी तर वेगळं एक्स्पोर्ट करावं लागतं. ते मी घरून करून आणलं होतं, पण ऑपरेटर म्हणाला थांबा, आधी साहेबांचं होऊ दे. म्हणून पाऊण तास मी माझ्या आयुष्यातला लेयरवरचा सर्वोत्तम वर्ग पाहिला.

"साहेब सगळ्यात वर. त्यांच्या खाली भाऊ. अरे, भाऊंच्या खांद्यावर माझं डोकं आलं! मागे घे मला."

"मागे घेतलं तर दिसणार नाही तुम्ही."

"मग भाऊंना जरा बारीक कर." दुकानात शांतता. त्याने दोन्ही फोन खिशात टाकले, जणू ते ऐकत असतील. "नको, नको. भाऊ राहू देत. मला बाजूला घे, पण मोठा ठेव."

"आणि हे डावीकडचे?"

"त्याला काढू नको. फिका कर. अजून फिका. हां, बास. अजून आहे तो पक्षात."

ऑपॅसिटी म्हणजे किती फिकं किती ठळक, थांबण्याची वेळ, वरचा-खालचा क्रम. मी चार रात्री जे वाचत होते ते हा माणूस वर्षानुवर्षं जगत होता. मी तर निम्मा वेळ भलत्याच लेयरवर रंगवत असते आणि रंग का उमटत नाही म्हणून स्क्रीन पुसते. ह्याला आपण कुठल्या लेयरवर आहोत हे झोपेतसुद्धा माहीत असेल.

मग माझं चित्र उघडलं, आणि तेव्हा ते "माणूसच नाही."

"गणपतीचं आहे," मी म्हटलं.

"ते कळलं. शुभेच्छुक कोण?" मग तो पुढे वाकला. "हे खाली सहा जण कोण? कमिटी?"

"उंदीर आहेत."

"नावं नाही टाकली त्यांच्याखाली?"

मी हसले. हसायला नको होतं.

ऑपरेटर म्हणाला, फाइल 1080 पिक्सलची आहे, बॅनर सहा फुटी, फाटेल, म्हणजे चित्राचे ठिपके दिसतील. ते खरं होतं. सहा फूट म्हणजे 72 इंच, इंचाला जेमतेम पंधरा ठिपके. चूक माझी, कागदाचं माप आधी ठरवायचं असतं, मी ते व्हॉट्सॲपच्या मापाने ठरवलं होतं. "लांबून बघायचं असतं," कार्यकर्त्याने माझी बाजू घेतली. पण ऑपरेटरने मॅटर नव्याने घ्यायला घेतलं आणि त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये 'सहकुटुंब उपस्थिती प्रार्थनीय'ची पार दैना झाली. रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी शेजारच्या दारात. गिम्पमध्ये ही एक गोष्ट मला काहीही न करता, पहिल्या फटक्यात बरोबर मिळाली होती. जोडाक्षर न् जोडाक्षर जागच्या जागी. ते सांगितलं, तर म्हणे, "तो फुकटवाला फॉन्ट असेल."

इथे माझं डोकं फिरलं. कारण त्याच्या स्क्रीनवर दर दहा मिनिटांनी एक खिडकी उघडत होती, 'परवाना टाका' असं सांगणारी, आणि तो ती माशी हाकलावी तशी बंद करत होता. त्याला कुणी व्हायरसचं विचारत नाही. महागडी वस्तू चोरून वापरली की ती प्रोफेशनल. आणि दोन पोरांनी सुरू केलेली, मग जगभरच्या लोकांनी आपापल्या रात्री घालून वाढवलेली, घ्या आणि वाटा म्हणून उघड्यावर ठेवलेली वस्तू म्हणजे जिम. चोरीच्या मालाला आपल्याकडे मान आहे, फुकट दिलेल्याला नाही. हे मी तिथे बोलले का? नाही. मी विचारलं, "किती झाले?"

फ्लेक्सचे झाले ते झाले, वर 300 रुपये डिझाइन चार्ज.

"डिझाइन मी केलंय."

"उघडायला लागलं ना मॅडम."

कार्यकर्त्याने मान डोलावली. दिले. पावती मागितली, तर सेक्रेटरीकाकांना चालणार नाही अशा कागदावर मिळाली.

आज सकाळी बॅनर गेटवर लागला. वेलांट्या बऱ्यापैकी घरी परतल्या आहेत. माझ्या मॅटरची शेवटची ओळ होती: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि समस्त सभासद. ऑपरेटरने ती ओळ तोडून, कुणाच्या सल्ल्याने ते मला पक्कं माहीत आहे, एकेक पद एकेका उंदराखाली मधोमध बसवलं आहे. बरोबर सहा.

सेक्रेटरीकाका दहा मिनिटांपासून तिसऱ्या उंदरासमोर उभे आहेत. मी खिडकीच्या पडद्याआड. ते फोन काढतायत, पण बहुतेक मला नाही लावणार, कारण बॅनरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत आहे तो दुकानाचा नंबर.