डोंगर मी खोडलेला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या रविवारी टाकलेल्या ठाण्याच्या उपवन तलावाच्या फोटोखाली 'अस्सल ठाणेकर' अशा नावाने एक प्रतिक्रिया आलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते. "बाई, एडिटिंग करायचं तर नीट करावं. वर झाडांच्या मागे डोंगर दिसतोय आणि पाण्यात डोंगर गायब. आरसा म्हणजे आरसा, जे वर तेच खाली, हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. पाण्यातल्या आकाशाचा रंग पण वेगळा. तलावाची रेष वाकडी, रंग भडक, लेख उगाच लांब. लाईकसाठी लोकांना गंडवणं बंद करा."

दोन ओळीत उत्तर देणार होते, पण 'गंडवणं' हा शब्द डोक्यातून जाईना, रात्री धड झोप लागली नाही, म्हणून आता सविस्तरच लिहिते.

आधी भाषेबद्दल. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि पहिल्याच वाक्यात 'बाई'. 'ताई' म्हटलं असतं, नुसतं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. टीकेची मला सवय आहे, बावीस वर्षं फोटो काढतेय, चांगलं-वाईट सगळं ऐकलंय. पण एखाद्याने फसवलं असं म्हणायचं तर आधी त्याला विचारायची पद्धत असते ना? "पाण्यात डोंगर का दिसत नाहीये?" एवढंच विचारलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं, कारण प्रश्न खरंच चांगला आहे. तुम्ही प्रश्न विचारलाच नाही, थेट निकाल दिलात.

तलावाची रेष वाकडी आहे हे मान्य. साधारण एका डिग्रीने डावीकडे झुकलीय, घाईत सरळ करायची राहिली, आता दुरुस्त केलीय, त्याबद्दल आभार. रंग आणि लेखाची लांबी ही ज्याची त्याची आवड, त्यावर मी वाद घालत नाही.

आता 'आरसा म्हणजे आरसा, जे वर तेच खाली'. आरशात वस्तू तीच दिसते, पण ती तुमच्या डोळ्याच्या जागेवरून दिसत नाही. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे पाण्याखाली, तुम्ही जितके वर आहात तितक्याच खोल एक डोळा ठेवला, पाणी मधे नाहीच असं धरलं, आणि त्या डोळ्याने समोरचं जे दिसेल ते, फक्त उलटं करून. म्हणजे वरचं दृश्य तुम्ही उभं राहून बघताय आणि खालचं दृश्य कोणीतरी खड्ड्यात बसून बघतंय. खड्ड्यातून बघणाऱ्याला जवळचं झाड उंच वाटणार आणि लांबचा डोंगर त्यामागे लपणार, यात नवल काय?

सोपे आकडे घेऊन सांगते, हे उपवनचे मोजलेले नाहीत, समजायला घेतलेत. कॅमेरा पाण्यापासून 2 मीटर वर. पलीकडच्या काठावरचं झाड 100 मीटर लांब, 10 मीटर उंच. मागची डोंगराची सोंड 1000 मीटर लांब, 90 मीटर उंच. कॅमेऱ्याच्या पातळीपासून झाडाचा शेंडा 8 मीटर वर, म्हणजे दर 100 मीटर अंतराला 8. सोंड 88 मीटर वर, म्हणजे 100 मीटरला 8.8. सोंड जास्त, म्हणून ती झाडावरून डोकावते. आता पाण्याखालच्या डोळ्याने बघा, तो 2 मीटर खाली आहे. त्याला झाड 12 मीटर वर, 100 ला 12. सोंड 92 मीटर वर, 100 ला 9.2. झाडाने सोंड झाकली. डोंगर लांब असल्यामुळे डोळा 4 मीटर खाली गेला काय नि वर राहिला काय, त्याला फारसा फरक पडत नाही, जवळच्या झाडाला मात्र खूप पडतो. सगळी गंमत एवढ्यातच आहे. पाचवीतलं पोरगं हे सांगू शकणार नाही हे कबूल, पण समजावलं तर त्याला समजेल.

आणि हे मी नुसतं कागदावर करत नाहीये. त्या सकाळी मी तीन फोटो काढले होते, टाकला एकच. एक वर कट्ट्यावर उभं राहून, एक पायऱ्यांच्या मधे, आणि एक अगदी शेवटच्या पायरीवर उकिडवं बसून, कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर. या तिसऱ्या फोटोत येऊरची, म्हणजे तलावामागच्या डोंगराची, ती सोंड वरच्या दृश्यातही दिसत नाही, झाडांमागे गेली. वर नाही, खाली नाही, दोन्ही अगदी जुळतं. म्हणजे पाण्यातला फोटो मी बदलला नाही, मी जसजशी खाली गेले तसतसं वरचंच दृश्य पाण्यातल्यासारखं होत गेलं. तिन्हीच्या रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ, न बदललेल्या फाईल, माझ्याकडे आहेत, मागा, पाठवते.

माझ्या वडिलांचा नौपाड्यात छोटा फोटो स्टुडिओ होता. शाळेतून आले की मी फोटो धुवायच्या लाल दिव्याच्या खोलीत ट्रे हलवायला उभी असायचे. एकदा एक गृहस्थ तलावपाळीचा फोटो घेऊन भांडायला आले, की तुम्ही प्रिंट उलटी माउंट केलीय. मासुंद्याचं, म्हणजे तलावपाळीच्या तलावाचं, पाणी त्या दिवशी इतकं शांत होतं की खरंच पटकन कळत नव्हतं. बाबांनी प्रिंट त्यांच्या हातात दिली, बोट एका होडीवर ठेवलं आणि म्हणाले, "होडीच्या आतल्या फळ्या कुठल्या बाजूला दिसतायत? ती बाजू खरी. जिथे नुसतं होडीचं पोट दिसतंय ते पाणी." काठावर उभं राहून आपण होडीत वरून बघतो, पाण्यातल्या होडीत आपल्याला कधीच बघता येत नाही. गृहस्थ गप्प झाले, सॉरी म्हणून गेले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्यामुळे आरशाचं शिक्षण कृपा करून मला देऊ नका, ते माझं घरीच झालंय.

तलावावर जायला जमत नसेल तर आत्ता घरी करा. आरसा टेबलावर आडवा ठेवा, त्यावर चहाने भरलेला कप ठेवा आणि तिरकं वरून बघा. वर चहा दिसेल. आरशात चहा दिसतोय का? नाही दिसणार, कपाची बाहेरची बाजू दिसेल, बशी असेल तर बशीची खालची कड दिसेल. तो चहा काय मी फोटोशॉपमध्ये काढला?

हेच नवी मुंबईत नेरुळला फ्लेमिंगो येतात तेव्हा बघायला मिळतं. तिथे बांधावर उभं राहिलं की पक्ष्याची पाठ दिसते, उन्हात उजळलेली, आणि उथळ पाण्यातल्या प्रतिबिंबात दिसतं सावलीतलं पोट आणि मानेची खालची बाजू. पक्षी एकच, रंग दोन. तिथे मोबाईल घेऊन आलेले लोक 'फिल्टर लावला का' विचारतात, पण हसून विचारतात, तुमच्यासारखं नाही.

आकाशाच्या रंगाचं थोडक्यात. पाणी सगळा प्रकाश परत देत नाही. अगदी सरळ खाली बघितलं तर जेमतेम 2 टक्के परततो, बाकी आत जातो, म्हणून पायाशी शेवाळ दिसतं. नजर जितकी आडवी तितकं पाणी आरशासारखं होत जातं. त्यात परत जवळच्या पाण्यात डोक्यावरचं गडद आकाश पडतं आणि लांबच्या पाण्यात डोंगरालगतचं फिकट. फोटोत तलावामागे जे आकाश दिसतं ते फिकटच. मग दोन रंग सारखे कसे येतील? लाटा, पोलरायझर (चमक कमी करणारी काच), लाँग एक्स्पोजर (जास्त वेळ उघडा ठेवलेला कॅमेरा) यात मी शिरत नाही, लेख लांब होतो अशी तुमचीच तक्रार आहे.

एवढं तळमळीने का लिहिलं तेही सांगते. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझा असाच एक फोटो 'दोन फोटो जोडलेत' म्हणून बाद झाला होता. मला कोणी विचारलं नाही, रॉ फाईल मागितली नाही, नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तेव्हा मी गप्प बसले, बाबा तेव्हा आजारी होते आणि मला भांडायची ताकद नव्हती. आता आहे.

तुम्ही खरंच ठाण्यात राहत असाल तर उपवन काही लांब नाही. सकाळी सातच्या आत या, नंतर वारा सुटतो आणि पाणी हलतं. वरच्या कट्ट्यावर उभे राहून सोंड बघा आणि मग तिच्यावरची नजर न काढता एकेक पायरी खाली उतरा. कोणत्या पायरीवर ती झाडांमागे गेली ते इथेच लिहा. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त 'गंडवणं' हा शब्द तुम्ही स्वतः येऊन मागे घ्यावा, एवढं मी मागतेय.