मरुत ‘फसलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परभणीच्या आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: ‘मरुत हे विमान जर्मनांनी बनवलं, ध्वनीचा वेग गाठता आला नाही म्हणून फसलं, युद्धात कधी उडालंच नाही. लढाऊ विमान बनवणं आपलं काम नव्हे.’ मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. पोरं विचारतात, ‘सर, हे खरंय का?’ म्हणून हे सविस्तर लिहितोय. मरुत म्हणजे बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बांधलेलं आपलं लढाऊ जेट.

‘युद्धात उडालंच नाही’ हे धादांत खोटं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये १० आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मरुत विमानं राजस्थान-सिंध आघाडीवर लढत होती. दोन आठवड्यांत तीनशेहून जास्त उड्डाणं. काही विमानं जमिनीवरच्या माऱ्यात गेली, पण हवाई झुंजीत एकही पडलं नाही. उलट स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांच्या नावावर एक पाकिस्तानी सेबर लढाऊ विमान पाडल्याची नोंद आहे. मरुतच्या तीन वैमानिकांना वीरचक्र मिळालं. एक मरुत तर शत्रूच्या हद्दीत दीडशे मैल आत एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्या इंजिनावर एकटंच तळावर परतलं. पोरांनो, दोन इंजिनं असण्याचा अर्थ इथं कळतो.

आता वेगाचं. हा आरोप अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पसरतो. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान हवं होतं आणि मरुत त्याच्या जवळपासही पोचलं नाही. पण का? आराखडा ऑर्फियस १२ हे आफ्टरबर्नरचं (मागच्या झोतात आणखी इंधन जाळून जोर वाढवणारं) इंजिन धरून केला होता. त्याचा जोर सुमारे ३७०० किलो. ब्रिटनमध्ये त्या इंजिनाचं काम थांबलं, पुढचा खर्च उचलायला आपलं सरकार तयार झालं नाही, आणि मरुतला बसवलं ऑर्फियस ७०३, जोर सुमारे २२०० किलो. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरसाठी घडवलेला पलटी नांगर तीस एचपीच्या ट्रॅक्टरला जोडला आणि काळ्या रानात तास खोल जाईना, तर आपण दोष नांगराला देतो का?

ही उणीव भरायला बंगळुरूत ७०३ लाच आफ्टरबर्नर जोडायचे प्रयत्न झाले. १७ जून १९६१ ला मरुत पहिल्यांदा उडवणारे सुरंजन दास १० जानेवारी १९७० ला तशाच सुधारित विमानाच्या अपघातात गेले. ‘फसलं’ हा शब्द टाईप करताना हे आठवावं, एवढी माझी विनंती आहे.

‘जर्मनांनी बनवलं’? जर्मन अभियंता कुर्ट टँक हे मुख्य रचनाकार होते आणि १९५६ मध्ये ते आपले सहकारी घेऊन आले, हे खरं. पण तोवर एचएएलने स्वतः आखलेलं विमान म्हणजे पंख्याचं एचटी-२, आपल्या विष्णू माधव घाटगे यांचं. तिथून थेट ध्वनीपलीकडच्या वेगासाठी आखलेलं जेट! १४७ विमानं बांधली ती बंगळुरूच्या कामगारांनी. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सहलीला पोरांना मी त्या विमानाखाली उभं केलं होतं. कंबरेत आवळलेला त्याचा सांगाडा, नाकाच्या दोन्ही बाजूंना तोफांची भोकं. एका पोरीनं विचारलं, ‘सर, मधेच बारीक का?’ हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. तिथंच अर्धा तास गेला.

उलट बाजूचा मेसेजही फिरतो, की १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईतले पाकिस्तानी रणगाडे मरुतनेच फोडले. तेही पुढं पाठवू नका. ते श्रेय मुख्यतः जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांचं आहे.

आणि ‘फसलं’वाल्या मेसेजसोबत आलेला फोटो मोठा करून बघा. शेपटीला धुराड्याचं एकच तोंड दिसतंय. मरुतला दोन असतात. फोटोतलं विमान मरुत नाहीच, ते हंटर आहे.